प्रमाणित ऊर्जा सल्लागार : परीक्षेमागचा इतिहास आणि कोल्हापूर

घरगुती आणि व्यावसायिक ऊर्जाबचतीचा प्रमाणित सल्लागार होऊ पाहणाऱ्या कोल्हापुरातल्या अभियंत्याची वाट बहुधा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या राष्ट्रीय परीक्षेतूनच जाते. मात्र ज्या कायद्यातून ही परीक्षा आली, तो मोठे कारखाने डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. कोल्हापूरचे काम बहुतांशी लहान फौंड्री (धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने), मशीन शॉप, नदीकाठचे पंप आणि घरे यांत विखुरलेले आहे. ही तफावत समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1973 च्या तेलसंकटाने आयात तेलाच्या किमती भडकल्या आणि इंधनबचत हा सरकारी धोरणाचा विषय झाला. 1978 साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली. तिने हाती घेतलेल्या कामांपैकी शेतीपंपांचे काम कोल्हापूरच्या फार जवळचे होते, कारण शेतीसाठी लागणारी ऑइल इंजिने बनवण्यातच इथल्या उद्यमनगरीचे हात तयार झाले होते आणि पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी उपसणारे पंप ओळीने उभे होते. इंजिन कितीही चांगले असले तरी फूटव्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेल्या पाइपच्या तोंडाची झडप) अरुंद असेल आणि पाइपला नको तितकी वळणे असतील, तर डिझेलचा बराच भाग पाणी उचलण्याऐवजी घर्षणात जातो. कमी अडथळ्याचा फूटव्हॉल्व्ह आणि गुळगुळीत पीव्हीसी पाइप हा तेव्हाचा साधा सल्ला होता. तो देणाऱ्याकडे कोणतेही प्रमाणपत्र नसे, आणि तरीही तो बरोबर होता.

1981 मध्ये केंद्राने नेमलेल्या आंतरमंत्रालयीन गटाने उद्योगांतील ऊर्जावापराचा पद्धतशीर अभ्यास केला, 1989 मध्ये ऊर्जा व्यवस्थापन केंद्र आले आणि 1991 पासून 14 डिसेंबर हा ऊर्जा संवर्धन दिन पाळला जाऊ लागला. तरीही शिफारशींना कायद्याचा आधार नव्हता. तो 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने दिला. 1 मार्च 2002 रोजी ब्युरो अस्तित्वात आला आणि व्यवस्थापन केंद्र त्यात विलीन झाले. राज्यात अंमलबजावणीची जबाबदारी महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेकडे आली. या कायद्यातली ऊर्जा लेखापरीक्षणाची व्याख्या आजही मुळातून वाचण्यासारखी आहे. केवळ मोजमाप करून ती थांबत नाही. सुधारणांच्या शिफारशी, त्यांचा खर्च-लाभ हिशेब आणि वापर कमी करण्याचा कृती आराखडा असलेला तांत्रिक अहवाल ती मागते. ज्या अहवालात ‘मोटर बदला’ एवढेच लिहिले असते आणि पैसे किती महिन्यांत परत येतील हे नसते, तो या व्याख्येत बसत नाही. असे अहवाल कमी नाहीत, हे इथे नोंदवलेले बरे.

पहिली राष्ट्रीय परीक्षा 2004 मध्ये झाली. ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन पेपर (सर्वसाधारण तत्त्वे, औष्णिक यंत्रणा आणि विद्युत यंत्रणा) आणि लेखापरीक्षकासाठी त्यांशिवाय यंत्रांच्या कामगिरीचे मूल्यमापन हा चौथा पेपर, अशी तिची घडण आहे. अभियांत्रिकी पदवीधराला ऊर्जेशी निगडित कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, पदविकाधारकाला सहा वर्षांचा. चौथा पेपर पुस्तक उघडे ठेवून सोडवायचा असतो, पण ज्याने बॉयलरची चिमणी किंवा हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरचे मीटर कधी जवळून पाहिले नाही, त्याला पुस्तकाचा फारसा उपयोग होत नाही. कायद्याने बांधलेल्या, ऊर्जेच्या मोठ्या ग्राहकांचे सक्तीचे परीक्षण करण्यासाठी याहून पुढची, ब्युरोची वेगळी अधिस्वीकृती लागते.

लहान फौंड्रीला ही सक्ती नव्हती, आणि नेमकी तिथेच बचत मोठी होती. इंडक्शन भट्टीत एक टन बिडाचे लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते. एकाच क्षमतेच्या दोन भट्ट्यांत फरक पडतो तो बऱ्याचदा कामाच्या सवयींमुळे : झाकण उघडे राहणे, माल भरायला उशीर होणे, रासायनिक तपासणीचा निकाल येईपर्यंत तयार धातू तापत ठेवणे, मोल्ड (साचे) तयार नसताना हीट, म्हणजे वितळवण्याची फेरी, सुरू करणे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये सल्लागाराने पहिला तास मीटरपेक्षा घड्याळ पाहण्यात घालवावा, असे माझे मत आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्रे थांबल्यावर कॉम्प्रेसर तरीही चालू-बंद होत राहिला, तर हवा गळते आहे हे उपकरणाशिवाय कळते. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचे एक भोक सुमारे तीन किलोवॉट वीज वाया घालवते. लहान उद्योगांकडे झालेल्या या दुर्लक्षाची दखल पुढे घेतली गेली. जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधीच्या साहाय्याने सिडबी (लघुउद्योगांना कर्ज देणारी बँक) व ब्युरोने राबवलेल्या प्रकल्पासाठी देशातले जे पाच औद्योगिक समूह निवडले गेले, त्यांत पुण्याच्या फोर्जिंगबरोबर कोल्हापूरची फौंड्री होती.

सल्ल्याची मागणी खरी वाढवली ती मात्र वीजबिलाने. एप्रिल 2020 पासून राज्यातल्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे फक्त कामी आलेल्या नव्हे तर घेतलेल्या एकूण विजेवर, होऊ लागली; पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) घसरला की युनिटच वाढतात. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलकडे वर्षानुवर्षे न पाहणारे कारखानदार तेव्हापासून लेखापरीक्षकाला स्वतःहून बोलावू लागले.

घरांचा प्रवेश या इतिहासात सर्वांत उशिरा झाला. 2006 मध्ये उपकरणांवर तारांकित लेबल आले; 2007 ची इमारत संहिता व्यापारी इमारतींपुरती होती. निवासी इमारतींसाठीची इको-निवास संहिता 2018 च्या डिसेंबरमध्ये आली, आणि तीही 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी, त्यामुळे पेठांमधली दाटीची घरे मुळातच तिच्या बाहेर राहिली. 2022 च्या दुरुस्तीने निवासी इमारतींना कायद्यातच स्थान दिले, तरी नियम प्रत्यक्ष लागू होणे राज्याच्या अधिसूचनेवर आणि स्थानिक बांधकाम परवानगीच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे. तोवर मंगळवार पेठेतल्या घरात सल्लागाराला बोलावले जाते ते लाइट बिल वाढले म्हणून, आणि त्याचे काम 75 वॉटच्या जुन्या पंख्याजागी 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा किती दिवसांत वसूल होईल हे मांडून दाखवण्याचे असते. त्या घरापुरती सक्ती कसलीच नाही. प्रमाणपत्राचा तिथला उपयोग एवढाच, की पंखे विकणाऱ्यापेक्षा सल्लागाराच्या हिशेबावर घरमालक अधिक विश्वास ठेवतो.