हॉर्न्सडेलच्या बॅटरीची पूर्वपीठिका

दक्षिण ऑस्ट्रेलियातील जेम्सटाउनजवळची हॉर्न्सडेल बॅटरी आज बहुतेकांना आठवते ती एका पैजेमुळे. ती उभी का राहिली, हे समजण्यासाठी मात्र २८ सप्टेंबर २०१६ च्या दुपारपर्यंत मागे जावे लागते. त्या दिवशी राज्यात आलेल्या वादळात उच्चदाब वाहिन्यांचे वीसहून अधिक मनोरे कोसळले आणि विजेचा दाब लागोपाठ खाली आला. असे धक्के थोड्या वेळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त बसले, तर उत्पादन आपोआप कमी करायचे, अशी मर्यादा अनेक पवन प्रकल्पांच्या संरक्षण यंत्रणेत घातलेली होती. त्यामुळे सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट वीज कमी झाली. हा सारा भार शेजारच्या व्हिक्टोरियाला जोडणाऱ्या हेवूड वाहिनीवर आला, संरक्षण यंत्रणेने ती आपोआप बंद केली आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली. राज्यातला अखेरचा कोळसा प्रकल्प त्याच वर्षीच्या मे महिन्यात बंद झाला असल्याने दोषाचे खापर लगेच पवनचक्क्यांवर फुटले. फेब्रुवारी २०१७ च्या उष्णतेच्या लाटेत भारनियमन करावे लागले, तेव्हा वाद आणखी चिघळला.

मार्चमध्ये टेस्ला कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी करार झाल्यापासून १०० दिवसांत बॅटरी उभारू, नाहीतर ती फुकट देऊ, असे जाहीर केले. जुलैमध्ये टेस्ला आणि निओएन या फ्रेंच कंपनीची निवड झाली आणि १ डिसेंबरला १०० मेगावॅट क्षमतेची, १२९ मेगावॅट-तास साठ्याची बॅटरी सुरू झाली. दिवसांची मोजणी २९ सप्टेंबरपासून धरली गेली आणि तोवर निम्मे काम उरकलेले होते, हे पैजेच्या गोष्टीत सहसा सांगितले जात नाही.

२०१६ च्या त्या दुपारी राज्यात सुमारे १,८०० मेगावॅट विजेची मागणी होती. तिच्यापुढे हा साठा पाच मिनिटांचाही नाही. म्हणजे राज्याला वीज पुरवणे हे या बॅटरीचे काम नव्हतेच. तिच्या क्षमतेपैकी ७० मेगावॅट राज्य सरकारने ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या, सुरक्षेसाठी राखून ठेवले आणि उरलेले ३० मेगावॅट निओएनला व्यापारासाठी मिळाले. १४ डिसेंबर २०१७ च्या पहाटे व्हिक्टोरियातील लॉय यांग केंद्राचा ५६० मेगावॅटचा संच अचानक बंद पडला आणि ग्रिडमधील विजेची वारंवारता, जी मागणीपेक्षा पुरवठा कमी पडला की घसरते, ५० वरून ४९.८० हर्ट्झपर्यंत घसरली, तेव्हा सुमारे हजार किलोमीटरवरच्या या बॅटरीने क्षणार्धात वीज सोडायला सुरुवात केली. ती वीज जेमतेम सात मेगावॅट होती. घसरण थोपवण्याचे मुख्य काम औष्णिक केंद्रांनीच केले, पण बॅटरीच्या प्रतिसादाचा वेग सगळ्यांच्या नजरेत भरला.

खरा फरक बाजारात पडला. हेवूड वाहिनीला धोका असला की ३५ मेगावॅटची वारंवारता-नियंत्रण सेवा (वारंवारता स्थिर ठेवण्यासाठी वीज कमी-जास्त करण्याची तयारी) राज्यातूनच घेणे बंधनकारक असे आणि ती देणारी वायू केंद्रे मोजकीच असल्याने दर हजारो डॉलरांवर जात. बॅटरी या स्पर्धेत उतरताच ते कोसळले. २०२० मध्ये तिची क्षमता १५० मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आली. मात्र २०१९ मध्ये काही महिने, मोबदला घेतलेली राखीव सेवा देण्याच्या स्थितीत ती नव्हती, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाने चालक कंपनीला नऊ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला.