डोंगराळ ‘७०.३’: फी भरण्याआधी करायचं गणित

‘७०.३’ म्हणजे हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन: एका दमात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल. अंतर सगळीकडे तेवढंच, म्हणून स्पर्धा निवडताना लोक तारीख, फी आणि विमानाचं तिकीट बघतात. २०१९ मध्ये सुरू झालेली गोव्याची स्पर्धा झाली, आता परदेशातली एखादी करू म्हणून नोंदणी होते आणि रस्त्याचा चढउतार नंतर उघडून बघितला जातो. खरं तर डोंगर आपल्याला किती महागात पडणार, हे घरबसल्या काढता येतं.

समजा, स्वार, सायकल आणि बाटल्या मिळून वजन ८० किलो आहे आणि स्वार बराच वेळ १७० वॉट शक्ती लावू शकतो. सपाट रस्त्यावर एवढ्या शक्तीत ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. तीच शक्ती ७ टक्के चढावर (१०० मीटर अंतरात ७ मीटर उंची) लावली, तर वेग ताशी १० वर येतो. सपाटीवर बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते, चढावर ती वजन वर उचलण्यात जाते. उतारावर सगळं भरून निघेल, हा हिशेब चुकतो. १० किलोमीटर चढ ताशी १० ने आणि तेवढाच उतार ताशी ५० ने केला, तर ७२ मिनिटं लागतात. सपाटीवर हेच २० किलोमीटर साडेसदतीस मिनिटांत होतात. अशा स्पर्धांत सायकल संपवायची मुदत सहसा सुरुवातीपासून साडेपाच तास आणि पूर्ण स्पर्धेची साडेआठ तास असते. सपाटीवर सव्वातीन तासांत ९० किलोमीटर करणाऱ्याने डोंगरात मार्गाचे चढ, सपाटी आणि उतार असे किमान तीन गट पाडून वेळेची बेरीज करावी, मगच कार्ड काढावं.

एकूण चढाईचा आकडा एकटा फारसं सांगत नाही. १,२०० मीटर चढ म्हणजे पन्नास टेकाडं असू शकतात किंवा एकच लांबलचक घाट. फ्रान्समधल्या नीसला २०१९ मध्ये या अंतराचं जागतिक अजिंक्यपद झालं. तिथे सायकलचा मार्ग एका मोठ्या घाटावर उभा होता: कोल द वाँस, ९.७ किलोमीटर, सरासरी ६.६ टक्के, माथा ९६० मीटरच्या वर. त्यानंतर लांब, वळणावळणाचा उतार आणि शेवटी समुद्राकाठचं सपाट धावणं. अमेरिकेतल्या सेंट जॉर्जला, जिथे २०२१ आणि २०२२ चं अजिंक्यपद झालं, स्नो कॅनियनचा चढ सायकलच्या शेवटच्या टप्प्यात येतो आणि धावण्यातही चढउतार सुटत नाहीत. पहिल्या डोंगराळ स्पर्धेसाठी नीससारखा मार्ग बरा. घाट लवकर उरकतो, पायांना सावरायला वेळ मिळतो. मात्र उताराची भीती वाटत असेल, तर हाच मार्ग वाईट ठरतो.

पुणेकरांना या घाटाचा अंदाज घ्यायला लांब जायला नको. सिंहगडाची डांबरी वाट लांबीने आणि चढाने त्याच्या बरीच जवळ जाते. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट त्यापेक्षा सौम्य आहे. पण सिंहगडावर रविवारी जाऊ नये. गाड्यांची रांग आणि भज्यांचा वास यांत सराव होत नाही. आठवड्यातली पहाट बघावी आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

आता गिअर, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. ताशी १० च्या वेगाला चाक मिनिटाला सुमारे ७९ वेळा फिरतं. पुढे ३९ आणि मागे २५ दात असतील, तर पेडल मिनिटाला जेमतेम ५१ वेळा फिरेल. ३४-२८ ला ६५ आणि ३४-३४ ला ७९. शक्ती तीच, पण ५१ ला प्रत्येक फेरीत गुडघ्यावर आणि मांडीवर जोर कितीतरी जास्त पडतो. घाटात पाऊण तास असा जोर काढलेल्या मांड्या धावताना हिशेब मागतात. चढ १० टक्क्यांवर गेला, की ३४-३४ लाही फेरे ५७ वर येतात. तेव्हा ‘आजीचा गिअर’ म्हणून हसणाऱ्यांकडे लक्ष न देता मागे ३४ दातांपर्यंतचा कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवावा. फक्त मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तो पेलतो का, हे आधी बघावं. शिमानो १०५ च्या आर-७००० मालिकेत लहान केज (डिरेल्युअरचा चेन ताणून धरणारा दांडा) ३० दातांपर्यंत चालतो, ३४ ला लांब केज लागतो. चेनची लांबीही तपासावी. जुनी चेन तशीच ठेवून मोठा कॅसेट लावला आणि चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चकत्या पडल्या, तर चेन ताणून डिरेल्युअर उपटला जातो.

वजनाचा बाऊ मात्र करू नये. कोल द वाँससारख्या घाटात एक किलो कमी केल्याने सुमारे ४० सेकंद वाचतात. हलक्या चाकांवर लाखभर रुपये घालण्याआधी भरलेली तिसरी बाटली खरंच लागते का, ते बघा. पुढे वाकून हवा कापायला बनवलेली टाइम ट्रायल सायकल हवीच असंही नाही. नीसला २०१९ चं पुरुषांचं विजेतेपद नॉर्वेच्या गुस्ताव इडेनने रोड बाईकवर मिळवलं. घाटउताराच्या वळणांवर ब्रेक बोटांखाली असलेले बरे.

घाटात जोर किती लावायचा? अर्धा वेळ २३० आणि अर्धा वेळ ११० वॉट लावले, तरी सरासरी १७० च येते. पण शरीरावरचा भार मोजायच्या सूत्रात आकड्यांच्या चौथ्या घातांची सरासरी काढून तिचं चौथं मूळ घेतात, त्याने तो १९६ वॉट भरतो. जास्त जोर लावताना स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, भराभर जळतं आणि ते सायकलवर भरून काढता येत नाही. म्हणून पूर्ण जोर लावून केलेल्या वीस मिनिटांच्या चाचणीतल्या सरासरी वॉटच्या ९५ टक्के हा आपला उंबरठा, म्हणजे साधारण तासभर टिकणारी शक्ती, धरावा. नवख्याने सपाटीवर त्याच्या ७० ते ७५ टक्क्यांवर आणि चढात ८० ते ८५ च्या आत राहावं. सुरुवातीच्या दहा मिनिटांत मागचे लोक पुढे जातात, जाऊ द्यावं.

चढावर वारा लागत नाही. १७० वॉट पेडलला पोचवताना शरीरात सुमारे ६०० वॉट उष्णता तयार होते. ती सगळी घामाने काढायची, तर तासाला ९०० मिलिलिटरच्या आसपास घाम वाळावा लागतो. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता टपकतो, आणि टपकलेला घाम थंडावा देत नाही. माथ्यावरचा पाण्याचा थांबा चुकवू नये.

खाण्याची जागाही मार्गच ठरवतो. चढावर धाप लागलेली, उतारावर हात ब्रेकवर. म्हणून घाट लागायच्या आधीच्या सपाटीवर खाऊन घ्यावं. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. आतड्यातून ग्लुकोज तासाला साठेक ग्रॅमच शोषलं जातं, फ्रुक्टोजची वाट वेगळी, म्हणून दोन्ही लागतात. साखरेत दोन्ही निम्मी असतात. ७५० मिलिलिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर आणि एक ग्रॅम मीठ, एवढ्याने तासाभराचं काम भागतं. मिठाच्या एका ग्रॅममधून ३९० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. खूप घाम येत असेल तर मीठ दुप्पट करावं. पोटाला याची सवय सरावातच लावावी.

उतारावर ब्रेक वळणाआधी लावायचा, वळणात सोडायचा. बाहेरचा पाय खाली, वजन त्यावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. कार्बन रिमला रबरी ब्रेक असतील, तर ते सतत घासत ठेवले की रिम तापते, ट्यूब फुटू शकते. जोरात दाबून सोडणं हीच पद्धत.

धावण्याचा मार्ग डोंगराळ असेल, तर चढापेक्षा उतार मांड्या फोडतो. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असताना ताणाखाली काम करतो, त्यात त्याचे तंतू दुखावतात. एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तेवढाच उतार कमी दुखवतो. स्पर्धेच्या आठ आठवडे आधी ५ टक्के उतारावर ४०० मीटरचे सहा फेरे करावेत. मग दर दहा-बारा दिवसांनी वाढवत वीस मिनिटं एकूण उतार करावा. शेवटचा असा सराव स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर नाही.

सायकलसाठी सोळा आठवडे द्यावेत. पहिल्या सहांत सावकाश, लांब चालवून पाया, मग आठवड्यातून एकदा उंबरठ्याच्या ८५ ते ९० टक्क्यांवर १२ मिनिटांचे तीन तुकडे, हळूहळू २० मिनिटांचे तीन. मुंबईकरांना घाट लांब. त्यांनी घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) पुढचं चाक वीटभर उचलून मिनिटाला ६० फेऱ्यांवर आठ मिनिटांचे पाच तुकडे करावेत, आणि महिन्यातून दोनदा खऱ्या घाटात जावं. पोहणं डोंगरात बदलत नाही. पाणी थंड असेल तर वेटसूट घालून निदान तीन-चारदा पोहून बघावं, खांद्यांना वेगळाच ताण पडतो.

सायकल विमानातून नेली, तर उघडल्यावर पहिल्यांदा डिरेल्युअर हँगर, म्हणजे डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा, बघावा. तो जरासा वाकला, तरी सपाटीवर गिअर ठीक चालतात. पण घाटात सगळ्यात मोठ्या चकतीवर जाताना डिरेल्युअर स्पोकमध्ये शिरतो. आपल्या फ्रेमचा जादा हँगर सोबत ठेवावा आणि आदल्या दिवशी छोट्या चढावर ३४ चा गिअर दोनदा टाकून बघावा.