वाळूमाशी

रक्त पिणारी, केसाळ अंगाची एक अतिशय लहान माशी. भारतात आढळणाऱ्या महत्त्वाच्या जाती फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमिया या प्रजातींतल्या आहेत. वाळूमाशी हे नाव तिच्या फिकट मातकट रंगावरून पडले, राहण्याच्या जागेवरून नाही. ती वाळूत राहत नाही. तिचे घर म्हणजे गोठा, मातीच्या भिंतींतल्या भेगा आणि ओलसर अंधारे कोपरे.

लांबी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे साधारण डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पाय लांब व बारीक, डोळे काळेभोर, अंगावर आणि पंखांवर दाट केस. ओळखण्याची खरी खूण पंखांत आहे. डास बसला की पंख पाठीवर मिटून घेतो. वाळूमाशी मात्र ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरते. तिला फार उडता येत नाही. भिंतीवरून ती टुणटुण उड्या मारत सरकते आणि वारा सुटला की बसून राहते. उडताना गुणगुणत नाही, त्यामुळे ती आल्याचे कळतच नाही.

नर आणि मादी दोघेही झाडांचा गोड रस पितात. रक्त फक्त मादीला लागते, अंडी पोसण्यासाठी. ती संध्याकाळनंतर व रात्री बाहेर पडते. तिची सोंड आखूड असते, त्यामुळे डासासारखी ती सुईने थेट रक्तवाहिनी गाठत नाही. करवतीसारख्या दातेरी अवयवांनी ती कातडी कापते आणि त्या बारीकशा जखमेत साचलेले रक्त शोषते. जाड कापडातून तिला चावता येत नाही. फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस ही जाती गुरांचे रक्त पिते आणि माणसाचेही. गोठा घराला लागून असला की धोका वाढतो तो यामुळे.

याच जातीमुळे काळा आजार, म्हणजे लिश्मानिया या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा तापाचा रोग, पसरतो, हे सिद्ध व्हायला अनेक वर्षे लागली, कारण प्रयोगशाळेत माश्या लवकर मरत. पहिल्या रक्तानंतर त्यांना मनुके खायला दिल्यावर त्या जगल्या आणि त्यांच्या पोटात परजीवी भरभरून वाढले. पुढे स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन या संशोधकांनी अशा माश्या स्वयंसेवकांना चावू देऊन १९४२ मध्ये पुरावा प्रसिद्ध केला. त्या स्वयंसेवकांचे ऋण मोठे आहे.

महाराष्ट्राशी या माशीचे नाते दुःखद आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात १९६५ मध्ये एक नवा विषाणू सापडला आणि त्याला गावाचेच नाव मिळाले. तो मुख्यतः वाळूमाशीमार्फत पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याच्या साथीत अनेक मुले दगावली. ताप, झटके, बेशुद्धी हे सारे एक-दोन दिवसांत घडते, म्हणून मुलाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते.

साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी आत शिरू शकते. बारीक विणीची जाळी लागते. भिंतींच्या भेगा लिंपणे, गोठ्यातले शेण व ओला कचरा वेळेवर उचलणे आणि घरात व गोठ्यात भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी करून घेणे हे प्रमुख उपाय आहेत.