चालू मशीनमधून हार्ड डिस्क काढता येऊ लागली ती कशी

आयडीईच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीच्या जमान्यात, हा प्रश्नच नव्हता. १९८६ च्या सुमारास आलेल्या त्या पद्धतीत ४० पिनांची चपटी केबल, डिस्कच्या मागे केबलवरच्या दोन डिस्कपैकी पहिली कोणती ते ठरवणारा मास्टर-स्लेव्हचा जंपर आणि पॉवरसाठी चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर असायचा. मोलेक्सच्या चारही पिना सारख्याच लांबीच्या, त्यामुळे आधी ग्राउंड (करंटची परतीची वाट) टेकेल की १२ व्होल्ट, हे हात कसा तिरका पडतो त्यावर. ग्राउंड मागे राहिलं तर करंट डेटा केबलमधून वाट काढणार. त्यातून एका केबलवर दोन ड्राइव्ह, म्हणजे एक हलवला की दुसराही अडकणार. म्हणून मशीन बंद करून मगच स्क्रू-ड्रायव्हर हाती घ्यायचा.

गरज भासली ती सर्व्हरवाल्यांना. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली: अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरायच्या, एखादी गेली तरी डेटा शाबूत. पण गेलेली डिस्क बदलायला सर्व्हरच बंद करायचा, तर निम्मी मजा गेली. सर्व्हरमधल्या स्कझी जातीच्या ड्राइव्हना म्हणून ८० पिनांचा एकच कनेक्टर आला. डेटा आणि पॉवर दोन्ही त्यातच, ट्रेमधून सरकवला की बसला.

हे शहाणपण साध्या पीसीपर्यंत यायला २००३ उजाडलं. त्या जानेवारीत साटाचं, म्हणजे आयडीईची जागा घेणाऱ्या जोडणीचं, पहिलं स्पेसिफिकेशन पक्कं झालं. साटा ड्राइव्हचा कनेक्टर भिंगाखाली धरा: डेटाच्या ७ पिनांपैकी तीन ग्राउंड, आणि त्या बाकीच्यांपेक्षा किंचित पुढे आलेल्या. पॉवरच्या १५ पिनांमध्येही असाच क्रम. सर्व्हरच्या बॅकप्लेनवर (ड्राइव्ह ज्यात बसतात त्या मागच्या बोर्डवर) ड्राइव्ह सरकवताना आधी ग्राउंड टेकतं, मग प्रीचार्जच्या पिना, ज्यांतून ड्राइव्हचे कपॅसिटर सावकाश भरतात, आणि शेवटी उरलेल्या. काढताना हाच क्रम आपोआप उलटा होतो. सगळा खेळ मिलिमीटरच्या आतला.

मेख अशी की घरच्या एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) वायरीत प्रीचार्जच्या पिनेसकट १२ व्होल्टच्या तिन्ही पिना एकाच पिवळ्या तारेवर असतात. प्रीचार्जचा फायदा तिथे जवळजवळ संपतो. शिवाय कॅबिनेटमधला साटा केबलचा कनेक्टर ५० वेळा काढ-घाल सोसेल, एवढ्याच बेताने बनवलेला आहे. जमतं म्हणून रोज करावं, असं हे काम नाही.

सॉफ्टवेअर तर आणखी मागे होतं. साटा डिस्कशी बोलायची ठरलेली पद्धत, म्हणजे इंटेलचं एएचसीआय, २००४ मध्ये आलं, पण विंडोज एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हरच नव्हता. इन्स्टॉल करताना एफ-६ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागायचा. हा व्याप टाळायला असेंबल करून देणारे बरेच जण बायोसमध्ये आयडीई मोडच ठेवत, आणि मग हॉट-प्लग, म्हणजे चालू मशीनमधली काढ-घाल, विसरा. लिनक्समध्ये २००६ च्या २.६.१८ कर्नलने ही सोय दिली, विंडोजमध्ये व्हिस्टाने. मग काही मशीनवर ‘सेफली रिमूव्ह’च्या यादीत चक्क विंडोज असलेली डिस्कच दिसू लागली!

जोडण्यातली जोखीम विजेची, काढण्यातली डेटाची. कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) अडकलेलं लिखाण कोणत्याही लांबीची पिन वाचवत नाही. आधी अनमाउंट करायचं (सिस्टीमपासून डिस्क सोडवायची) किंवा डिस्क ऑफलाइन करायची, फिरणं थांबू द्यायचं, मगच हात लावायचा. पॉवर अचानक गेली तर फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या ऊर्जेवर हेड मागे घेतलं जातं खरं, पण ती आणीबाणीची सोय आहे. मदरबोर्डवरच्या एम.२ स्लॉटमधल्या एनव्हीएमई एसएसडीला तर चालू मशीनमध्ये हातच लावू नये, त्यासाठी यू.२ हा वेगळा कनेक्टर आहे.

२०१६ च्या साटा ३.३ ने एक पाऊल पुढे टाकलं: डिस्क न काढताच लांबून तिची पॉवर बंद-चालू करायची. त्यासाठी पूर्वी ३.३ व्होल्टची असलेली तिसरी पिन वापरली. परिणाम असा की एक्स्टर्नल ड्राइव्ह फोडून आतली डिस्क जुन्या एसएमपीएसला जोडली, तर कधीकधी ती फिरतच नाही, कारण त्या पिनवर सतत व्होल्टेज मिळत राहतं. त्यावर लोक त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणाऱ्या टेपची) बारीक पट्टी चिकटवतात.