जुनी जपानी गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याआधी: ग्राहकांसाठी माहिती

डॅटसन २४०झेड किंवा माझदा एमएक्स-५ सारख्या जपानी स्पोर्ट्‌स गाड्या आपल्याकडच्या शोरूममध्ये कधी आल्याच नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या पिढीला जपानी इंजिनाची गोडी लागली ती जिप्सी, झेन, एस्टीम, होंडा सिटी आणि मित्सुबिशी लान्सरमुळे. शेवटच्या दोन्ही १९९८ साली आल्या. फिनलंडचा रॅली चालक टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं जागतिक रॅलीचं विजेतेपद मिळवलं ते लान्सर इव्होल्यूशनवर, म्हणजे लान्सरच्या जोरदार रॅली आवृत्तीवर. आपल्याकडची लान्सर त्यातल्या १९९७ पासूनच्या गाड्यांच्याच पिढीची, इंजिन मात्र साधं. २००० साली आलेल्या सिटी व्हीटेकची ताकद १०६ बीएचपी होती, आणि त्या काळच्या दीड लिटरच्या इंजिनासाठी हे फार होतं. या गाड्या अजून पळवण्याजोग्या आहेत आणि त्या मोडीत जाऊ नयेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये गाडी घेऊन आलेले बहुतेक जण आधी रंगाचं विचारतात. आमचं सांगणं ठरलेलं आहे: रंग सगळ्यात शेवटी. आधी पत्रा, मग ब्रेक आणि कूलिंग, मग इंजिन.

पत्रा

आपल्याकडचा पाऊस आणि गोव्याची खारी हवा, दोन्ही पत्र्याचे वैरी. गाडी घेण्याआधी डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखालचा तळ बघा. बॅटरीच्या ट्रेखाली, मागच्या चाकांच्या कमानीत आणि दारांखालच्या पट्टीत बोटाने दाबून बघा. पायाखालचा गालिचा उचला. खालचं फेल्ट ओलं असेल तर तिथला पत्रा कुजायला लागला आहे असंच समजा. एक साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथं ते धरत नाही, तिथं आत जाड पुट्टी भरलेली आहे. आम्ही गंजलेला भाग पूर्ण कापून नवा पत्रा वेल्ड करतो आणि आतल्या पोकळीत गंजरोधक मारतो. गंजावरच पुट्टी ओढून रंग मारून द्या म्हणालात, तर ते काम आम्ही घेत नाही. दोन पावसाळ्यांत तिथंच फुगा येतो आणि पैसे पुन्हा जातात.

इंजिन आणि पेट्रोल

सिटीचा टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि खर्च एकदम इंजिन खोलण्यावर जातो. बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदलायचाच, सोबत वॉटर पंपही. व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा; ती ऑईलच्या दाबावर चालते. ऑईल कमी असेल किंवा तिच्या सोलेनॉइडची (विजेवर उघडणाऱ्या झडपेची) बारीक जाळी चिकटून बुजली असेल, तर वरच्या आरपीएमला गाडी जोर धरत नाही. अनेकांना इंजिन संपलं असं वाटतं, पण कित्येकदा जाळी साफ केली की काम होतं.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपला जिल्हा उसाचा, इथेनॉल इथल्या कारखान्यांतच तयार होतं, तेव्हा त्याची ओळख सगळ्यांना आहे. या गाड्यांचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरची गॅसकेटं त्यासाठी बनलेली नव्हती; ती फुगतात, कडक होऊन चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी साठतं आणि आतून गंज चढतो. म्हणून सगळे फ्युएल पाइप आम्ही नव्या पेट्रोलला चालणाऱ्या रबराचे घालतो, टाकी उतरवून साफ करतो. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा.

पार्ट मिळत नाही, ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. पण आपलं गाव लेथ आणि फाउंड्रीचं आहे. हेडचं फेसिंग, रिबोअर, ड्रम कातणं, बुश तयार करणं, सगळं या परिसरातच होतं. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, काचा, हेडलाइट मात्र कुर्ला किंवा बंगळूरच्या शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून शोधावे लागतात. त्याला वेळ लागतो, आणि तारीख आम्ही आधी देत नाही.

दोस्त मंडळींनी मिळून घेतलेली गाडी

तिघा-चौघांनी मिळून एक गाडी उभी करायची, हा आम्हाला सगळ्यात आवडणारा प्रकार. मात्र आरसी एकाच्याच नावावर असते, म्हणून कुणाचे किती पैसे आणि पुढे विकली तर काय, हे सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या. आमच्याशी बोलायला एकच जण ठरवा.

रविवारी सकाळी तुम्ही येऊन स्वतः हात लावू शकता. सीट, दारांचे पॅड, डॅशबोर्ड, बंपर उतरवणं तुमच्याकडे. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहा, उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. ब्रेक, स्टिअरिंग आणि वेल्डिंग आमच्याकडेच राहील.

गाडी तयार झाल्यावर सगळ्यांना आधी गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट आठवतो. आमची विनंती: पहिला महिना जांबोटीपर्यंतच जाऊन या. मग ऑईल बदलून, सगळे नट पुन्हा आवळून कणकुंबीच्या पुढे उतरा. जुनं ब्रेक फ्लुइड ओलावा धरतं. लांब उतारावर ते उकळलं की पेडल पोकळ लागतं. म्हणून फ्लुइड नवं हवं आणि उतार दुसऱ्या गियरमध्ये. येताना चढावर टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष असू द्या. धुक्यात ग्रुपने जाताना दोन गाड्यांत चांगलं अंतर ठेवा.

कागदपत्रं

१५ वर्षं पूर्ण झाली की फिटनेस तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते ५ वर्षांसाठी मिळतं. कोल्हापूर किंवा गोव्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची असेल तर मूळ आरटीओची एनओसी, इथला कर आणि केए-२२ नंबर लागतो (चिकोडीकडच्यांना केए-२३). रंग बदललात तर आरसीवर नोंद करा. दुसरं इंजिन बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या, काम नंतर. व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना मिळते. या गाड्यांना ती लागू नाही.

पहिल्या भेटीला आरसी, विमा आणि असतील ते जुने सर्व्हिसचे कागद आणा. गाडी लिफ्टवर घेऊन तुमच्यासमोर तपासतो आणि कामांची यादी खर्चासह लेखी देतो. त्यातलं काय आत्ता करायचं आणि काय पुढच्या वर्षी, ते तुम्ही ठरवा.