बाळंतपणानंतर डोके वर काढणारा क्षय

गरोदरपणात प्रतिकारशक्ती ‘कमी होते’, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकतो की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. ती सरसकट कमी होत असती, तर प्रत्येक गर्भवती नऊ महिने अंथरुणाला खिळली असती. प्रत्यक्षात प्रतिकारशक्तीची मांडणी बदलते, आणि क्षयाला नेमका हाच बदल मानवतो.

क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरले की भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण जंतू त्यांच्या पोटातच तग धरून राहतात. तेव्हा पहिल्या प्रकारच्या मदतनीस टी-पेशी (प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन स्रवून भक्षक पेशींना चेतवतात आणि जंतूंभोवती गाठीसारखा वेढा पडतो. बहुतेकांच्या शरीरात ते या वेढ्यात वर्षानुवर्षे निपचित असतात. गर्भाची निम्मी जनुके पित्याची असल्याने आईच्या शरीराला तो अर्धा परकाच, म्हणून त्याच्यावर हल्ला होऊ नये यासाठी याच पहिल्या प्रकारच्या टी-पेशींचा जोर गरोदरपणी ओसरतो. प्रतिपिंडांना (रक्तात फिरून जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांना) साहाय्य करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे पारडे जड होते खरे, परंतु पेशींच्या आत दडलेल्या जंतूंपुढे प्रतिपिंडांचे फारसे चालत नाही. वेढा सैल पडूनही लक्षणे सौम्य राहू शकतात, कारण ताप आणि फुप्फुसाची हानी यांचा बराच भाग प्रतिकारातून उठणाऱ्या दाहाचा असतो. शिवाय गर्भामुळे वाढणाऱ्या वजनात क्षयाने होणारी घट झाकली जाते. प्रसूतीनंतर ओसरलेला जोर परततो आणि लपलेला रोग उघडा पडतो. ब्रिटनमधील २०१२ च्या एका अभ्यासात प्रसूतीनंतरच्या महिन्यांत क्षयाच्या निदानाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले.

म्हणून बाळंतिणीचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्याला ‘बाळंतरोग’ ठरवून दृष्ट काढत बसण्यापेक्षा बेडका तपासणे शहाणपणाचे. अर्थात अज्ञान घरातच असते असे नाही: वाढते गर्भाशय फुप्फुसाला खालून दाबून क्षयाच्या पोकळ्या मिटवते, असे एके काळी वैद्यही मानत, आणि पुढे त्यांच्याच वारसदारांनी क्षयी स्त्रीला सर्रास गर्भपात सुचवला.

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही औषधे गरोदरपणी घेता येतात. आयसोनियाझिडबरोबर ब-६ जीवनसत्त्व देतात. स्ट्रेप्टोमायसिन मात्र टाळतात, कारण त्याने गर्भाच्या श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. उपचार चालू असताना आईने अंगावर पाजण्यास हरकत नसते. बेडक्यात जंतू असेपर्यंत तिने तोंडाला मास्क बांधावा, कारण बाळापर्यंत ते दुधातून नव्हे, खोकल्यातून पोहोचतात.