ब्रूम : एका सवलतीवर उभे राहिलेले किनाऱ्यावरचे गाव

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातले ब्रूम आज ओळखले जाते ते केबल बीचच्या सूर्यास्तासाठी, ओल्या वाळूवरून चालणाऱ्या उंटांच्या रांगेसाठी आणि मोत्यांच्या दुकानांसाठी. पर्थपासून रस्त्याने सुमारे २,२०० किलोमीटर. दक्षिणेकडचे पहिले मोठे गाव, पोर्ट हेडलंड, तेही ६०० किलोमीटरवर. कायमची वस्ती साधारण १५ हजार. मे ते सप्टेंबरच्या कोरड्या हंगामात पाहुण्यांमुळे ती कितीतरी वाढते. पर्यटनाच्या पत्रकांत गावाचे वर्णन हमखास ‘बहुसांस्कृतिक’ असे असते. जपानी, चिनी, मलाय, फिलिपिनो, तिमोरी आणि आदिवासी रक्त एकाच घराण्यात आढळणे इथे नवलाचे नाही, म्हणून ते वर्णन खरेच आहे. मात्र उरलेल्या देशात आशियाई माणसाला दार बंद असताना या एका गावात ही सरमिसळ झाली कशी, याचे उत्तर १९०१ ते १९१६ या काळातल्या एका सरकारी सवलतीत आहे.

ही भूमी यावुरू लोकांची. गावठाणाच्या परिसराला त्यांचे नाव रुबीबी. गावासमोरच्या रोबक खाडीला १६९९ मध्ये या किनाऱ्यावर आलेल्या इंग्रजी जहाजाचे नाव आहे, आणि १८८३ मध्ये आखलेल्या गावाला तेव्हाच्या गव्हर्नरचे. १८८९ मध्ये जावा बेटावरच्या बन्युवांगीहून समुद्राखालची तार इथे किनाऱ्याला लागली. तीच केबल बीचची केबल. १९१४ मध्ये तारघर बंद झाले आणि त्याची सागवानी इमारत पुढे न्यायालयाकडे गेली.

गाव वसले ते ‘पर्लिंग’साठी, आणि या शब्दाने आजही बरीच दिशाभूल होते. पर्लिंग म्हणजे मोती काढणे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात हा धंदा शिंपल्याचा होता. ‘पिंक्टाडा मॅक्झिमा’ हे इथले कालव जेवणाच्या ताटाएवढे वाढते. त्याच्या शिंपल्याचा आतला चकचकीत थर लंडन-न्यूयॉर्कला जाई आणि त्याची शर्टाची बटणे होत. मालकाचा हिशेब टनावारी शिंपल्याचा असे. एखादा चांगला मोती सापडला तर ती वरकमाई. १९१० च्या सुमारास जवळपास ४०० लगर, म्हणजे दोन डोलकाठ्यांची शिडाची गलबते, आणि साडेतीन हजारांवर माणसे या कामात होती. जगाला लागणाऱ्या बटणांच्या शिंपल्यातला बहुतांश माल इथून जात असे. मजुरीवरचा पुढचा वाद समजायला ‘शिंपला, मोती नव्हे’ एवढे ध्यानात ठेवावे लागते.

सुरुवातीची बुडी साधनांशिवाय होती. १८६० आणि १८७० च्या दशकांत आदिवासी स्त्री-पुरुषांना धाकाने, फसवून, प्रसंगी पळवून आणून गलबतांवर चढवले गेले. बायकांना बुडीच्या कामाला लावू नये असा कायदा १८७१ मध्ये करावा लागला, यावरूनच काय चालले होते ते कळते. उथळ पाण्यातला शिंपला संपत आला तशी १८८० च्या दशकाच्या मध्यापासून शिरस्त्राणाची बुडी आली: तांब्याचे शिरस्त्राण, रबर लावलेल्या कॅनव्हासचा पोशाख, छाती-पाठीवर शिशाची वजने, शिशाच्या तळाचे बूट. सगळा सरंजाम ८० किलोंच्या आसपास. गलबतावर दोघे-चौघे हातपंपाने हवा देत आणि ‘टेंडर’ जीवनदोर धरून बसे. दोराला बसणाऱ्या हिसक्यांवरून त्याला खालच्याचा निरोप कळे. या कामासाठी सिंगापूर आणि तिमोर बेटावरच्या कुपांगहून करारावर माणसे भरली जात. ती एका अर्थी गिरमिटियाच होती: मुदत ठरलेली, मालक बदलण्याची मुभा नाही, करार संपला की परत. बुडीत जपानी माणसांचा जम बसला. त्यांतले अनेक वाकायामा प्रांतातल्या ताइजीसारख्या कोळी गावांतले होते.

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींचे एक राष्ट्र झाले आणि त्याच वर्षी ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’चा कायदा आला. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत श्रुतलेखन लिहून दाखवायची अट घालून नको असलेल्या माणसाला बाहेर ठेवण्याची सोय त्यात होती. क्वीन्सलंडच्या ऊसमळ्यांतल्या पॅसिफिक बेटकऱ्यांना १९०६ पासून परत धाडण्यात आले. शिंपल्याच्या धंद्याला मात्र सूट मिळाली. मालकाने हमीची रक्कम भरली की त्याचे आशियाई खलाशी आणि पाणबुडे परीक्षेविना उतरू शकत.

उसाला एक न्याय आणि शिंपल्याला दुसरा, याचे कारण बाजारात होते. ऑस्ट्रेलियात पिकलेली साखर ऑस्ट्रेलियातच खपत होती. गोऱ्या मजुराची जास्त मजुरी जकात आणि अनुदान यांच्या आधाराने गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकता येई. शिंपला जवळजवळ सगळाच परदेशी जाई आणि भाव लंडनच्या लिलावात ठरे. मजुरी वाढली तर ती मालकाच्या खिशातूनच जाणार. शिवाय गलबते हलवता येतात, मळा हलवता येत नाही. १९०५ मध्ये एका बड्या मालकाने आपला ताफा डच अमलाखालच्या अरू बेटांकडे नेलाही. त्यामुळे ‘सूट काढाल तर सगळा धंदाच डचांकडे जाईल’ ही धमकी पोकळ वाटेना.

तरीही सरकारने एकदा हिंमत केली. १९१३ पासून पाणबुडे आणि टेंडर गोरेच हवेत, असे धोरण जाहीर झाले आणि त्याची चाचणी म्हणून १९१२ मध्ये इंग्लंडहून नौदलात तयार झालेली डझनभर माणसे ब्रूमला आली. नौदलाने काही वर्षांपूर्वीच खोलीनुसार टप्प्याटप्प्याने वर येण्याचे शास्त्रीय तक्ते स्वीकारले होते. ती शिस्त या माणसांच्या अंगी होती. फक्त नौदलाचा पाणबुड्या एका जागी काम करतो: जहाजाचा तळ, बंदराची भिंत, बुडालेला नांगर. शिंपल्याच्या पाणबुड्याला वाहत्या लगरबरोबर तळावरून पुढे झुकून चालत राहावे लागते. शेवाळ, स्पंज आणि प्रवाळ चढलेला शिंपला दगडापासून वेगळा ओळखावा लागतो, तोही उडालेल्या गाळातून. उधाणाच्या दिवसांत पाणी इतके गढूळ होते की चार-पाच दिवस बुडीच मारता येत नाही; काम चालते ते भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी असलेल्या, दिवसांत. ही नजर यायला वर्षे लागतात. नव्या माणसांच्या हाती माल फारच थोडा लागला. काही महिन्यांतच त्यांतला एकजण ‘डायव्हर्स पॅरालिसिस’ने गेला आणि प्रयोग बारगळला.

हा आजार दाबाचा. ३५ मीटर खोलीवर हवेचा दाब पृष्ठभागाच्या साडेचार पट असतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत विरघळत जातो. माणूस झटकन वर आला की सोड्याच्या बाटलीसारखे त्याचे बुडबुडे होतात. ते सांध्यांत अडकले तर असह्य ठणका, मज्जारज्जूत अडकले तर कमरेखालचे शरीर लुळे. तेव्हाचा उपाय म्हणजे माणसाला पुन्हा पोशाख चढवून पाण्यात उतरवायचे आणि तासन् तास दोराला लटकता ठेवत हळूहळू वर घ्यायचे. ब्रूमला दाबकक्ष आला १९१५ मध्ये. त्याच्या आदल्या एका वर्षात या आजाराने ३३ माणसे मेल्याची नोंद आहे.

मग १९१२ पासून चाललेल्या चौकशी आयोगाने १९१६ मध्ये अंतिम निर्णय दिला. आहे तसाच धंदा चालू ठेवल्याने गोऱ्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणाला धोका पोचत नाही, असा त्याचा आशय होता. कारणमीमांसा नीट वाचावी अशी आहे. हे जगणे खडतर आहे, मृत्यूचे प्रमाण फार आहे, म्हणून युरोपीय कामगाराला ज्या राहणीचा हक्क आहे तिच्याशी ते जुळत नाही, असे आयोगाने म्हटले. काम जीवघेणे आहे हे मान्य झाले, आणि त्या मान्यतेतून काम सुरक्षित करण्याऐवजी ते कोणाच्या वाट्याला द्यायचे एवढेच ठरले. ब्रूमच्या इतिहासलेखनात या सवलतीला ‘उदारपणा’ किंवा ‘व्यवहारीपणा’ म्हटलेले दिसते. आयोगाची भाषा पाहता दोन्ही शब्द टिकत नाहीत.

सवलत माणसाला नव्हती, कामाला होती. आशियाई माणसाला शिंपले काढण्याचा परवाना काढता येत नसे. म्हणून चांगली कमाई केलेला जपानी पाणबुड्या गोऱ्याच्या नावावर लगर ठेवी. अशा व्यवहाराला तिथे ‘डमी’ म्हणत. आपल्याकडचा शब्द बेनामी. कुटुंब आणण्यावर कडक बंधने होती आणि स्थानिक स्त्रीबरोबर राहणे गुन्हा ठरे. १९०५ च्या आदिवासीविषयक कायद्यात तर असे कलम होते की लगर लागतात त्या खाडीपासून दोन मैलांच्या आत सूर्यास्तानंतर कोणी आदिवासी स्त्री सापडली तर तो तिचा अपराध. आज जी मिश्र घराणी गावाचे भूषण म्हणून दाखवली जातात, ती हे कलम डोक्यावर असताना उभी राहिली.

चक्रीवादळांच्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मार्च, लगर खाडीच्या चिखलात ओढून ठेवल्या जात आणि हजारो माणसे गावात रिकामी असत. डिसेंबर १९२० मध्ये जपानी आणि कुपांगकर यांच्यात दंगल पेटली ती याच काळात. १९१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सन पिक्चर्स’ या उघड्यावरच्या चित्रपटगृहात जागा वंशाप्रमाणे ठरलेल्या होत्या: मधल्या वेताच्या खुर्च्यांवर गोरे, त्यांच्या आजूबाजूला जपानी-चिनी, आणि मलाय-आदिवासींना दार वेगळे. हे थिएटर अजून चालू आहे. उधाणाचे पाणी आत शिरून प्रेक्षकांच्या पायांना लागत असे, ते १९७४ मध्ये बांध घातल्यावर थांबले. पाण्याची ही गंमत मार्गदर्शक आवर्जून सांगतात. बसण्याची व्यवस्थाही तितक्याच आवर्जून सांगायला हवी.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरताच गावातले जपानी, दशकानुदशके राहिलेलेसुद्धा, छावण्यांत गेले. ३ मार्च १९४२ च्या सकाळी नऊ जपानी ‘झिरो’ विमानांनी हल्ला केला. जावातून निसटलेल्या डच निर्वासितांनी भरलेल्या फ्लाइंग बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमाने, रोबक खाडीत इंधनासाठी थांबल्या होत्या. ओहोटीमुळे धक्क्याला लागणे जमत नव्हते, म्हणून बायकामुले विमानांतच होती. खाडीतल्या १५ फ्लाइंग बोटी नष्ट झाल्या आणि किमान ८८ जण मेले.

युद्धानंतर प्लॅस्टिकच्या बटणांनी शिंपल्याचा बाजार खाल्ला. गाव तगले संवर्धित मोत्यामुळे. गंमत अशी की मोती पिकवण्यावर राज्यात १९२२ पासून बंदीच होती. नैसर्गिक मोत्याचा भाव पडेल ही भीती. ती १९४९ मध्ये उठली आणि १९५६ मध्ये ब्रूमच्या उत्तरेला कुरी बे येथे पहिली मोतीशेती सुरू झाली. कालव पाचरीने थोडे उघडायचे, जननग्रंथीत चीर द्यायची, गोड्या पाण्यातल्या अमेरिकी शिंपल्यापासून घडवलेला मणी आत ठेवायचा आणि त्याला दुसऱ्या कालवाच्या प्रावरणाचा, म्हणजे चकचकीत थर घडवणाऱ्या त्वचेचा, बारीक तुकडा चिकटेल असा लावायचा. तुकडा मण्यापासून सुटला तर मणी कोराच राहतो. मोती तयार व्हायला दोनेक वर्षे. हे कसब जपानी तंत्रज्ञांनी बराच काळ स्वतःकडेच ठेवले.

पर्यटन हा १९८० च्या दशकाचा अध्याय. डांबरी रस्ता झाला आणि एका ब्रिटिश उमरावाने गावात पैसा ओतला: प्राणिसंग्रहालय, १९८८ मध्ये केबल बीचवरचे रिसॉर्ट, सन पिक्चर्सची डागडुजी. पन्हळी पत्रा, लाकडी जाळ्या आणि रुंद व्हरांडे यांना ‘ब्रूम शैली’ म्हणून मान मिळाला तो याच काळात. १९८९ च्या वैमानिकांच्या संपाने विमाने थांबली, पाठोपाठ मंदी आली आणि त्याचा डोलारा कोसळला. घरे-जमिनी मात्र महागल्या त्या महागल्याच. यावुरूंचा भूमिहक्क न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केला, २०१० मध्ये त्यावर करार झाले. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचा प्रचंड वायूप्रकल्प तीव्र विरोध आणि खर्चाच्या गणितामुळे २०१३ मध्ये मागे घेतला गेला.

पाहुण्याला इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक जास्त लागते. उधाणाला पाण्याचा चढउतार नऊ-दहा मीटरपर्यंत जातो. नऊ मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांत पाणी तासाला सव्वादोन मीटर चढते. सपाट किनाऱ्यावर त्याचा अर्थ असा की केबल बीचच्या उत्तर भागात नेलेली गाडी परतीची वाट बंद झाल्यामुळे अडकते. गँथोम पॉइंटचे डायनासोरचे ठसे पाणी सुमारे दोन मीटरच्या खाली गेल्यावरच उघडे पडतात. फ्लाइंग बोटींच्या सांगाड्यांना त्याहून खूप खालची ओहोटी लागते. चिखलातून किलोमीटरभर चालायचे असल्याने पाणी उतरत असतानाच निघावे आणि फिरायच्या आत परतावे. ‘चंद्राचा जिना’ मार्च ते ऑक्टोबरमध्ये पौर्णिमेच्या आसपासच्या दोन-तीन रात्री दिसतो. इथे उधाणाची ओहोटी संध्याकाळी येते, त्याच वेळी चंद्र उगवतो आणि उघड्या चिखलातल्या पाण्याच्या पट्ट्यांवर उजेडाच्या पायऱ्या पडतात. नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश असतात. त्यांतल्या इरुकांजी जातीचा डंख आधी क्षुल्लक वाटतो, अर्ध्या तासाने कंबर-पोटात पेटके सुरू होतात. म्हणून डंखावर लगेच व्हिनेगर ओतून रुग्णालय गाठावे.

जपानी दफनभूमी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ७०७ थडगी, त्यांत ९१९ माणसे. पुष्कळ शिळा किनाऱ्यावरच्याच तांबूस दगडाच्या, न घडवलेल्या, वर जपानी अक्षरे. १९०८ च्या वादळात बुडालेल्यांचा स्तंभही तिथेच आहे. आत जायला तिकीट नाही. अक्षरे वाचायची तर सकाळी लवकर जावे. ऊन तिरपे असते तेव्हा झिजलेली नावेही उठून दिसतात.